छातीत दुखतंय? नागपुरात पहिल्या तासात काय करायचं

छातीच्या मधोमध दडपण, आवळल्यासारखं वाटणं किंवा जळजळ, जी शांत बसूनही पाच मिनिटांत थांबत नाही. त्यासोबत दरदरून घाम, धाप, मळमळ, किंवा हात, मान, जबडा, पाठ यांपैकी कुठेही पसरणारी कळ. एवढं दिसलं की १०८ ला फोन करा. आधी खात्री करून घेऊ, मग फोन करू, असा विचार करू नका. हार्ट अटॅक आहे की नाही हे घरात ठरतच नाही. ते ईसीजीवर आणि रक्ताच्या तपासणीवर ठरतं. घरच्यांनी ठरवायचं ते एवढंच, की ईसीजीपर्यंत किती लवकर पोहोचायचं.

आपल्याकडे बहुतेक वेळ रस्त्यात जात नाही, घरातच जातो. "गॅस झाला असेल, इनो घेऊन बघ", "रात्री सावजी खाल्लं होतं ना", "सकाळ होऊ दे, आपल्या डॉक्टरकडे जाऊ". असं म्हणता म्हणता दोन-तीन तास कसे जातात ते कळत नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नसेत चरबीचा थर फुटतो आणि त्यावर रक्ताची गुठळी बसते. नस पूर्ण बंद झाली की साधारण २० ते ३० मिनिटांनंतर त्या भागातला स्नायू मरायला लागतो, आणि सहा तास होईपर्यंत त्यातला बराचसा कायमचा गेलेला असतो. मेलेला स्नायू पुन्हा तयार होत नाही. पुढे पायऱ्या चढताना दम लागणं, पायांवर सूज, हृदय कमजोर होणं, या साऱ्याचं मूळ त्या पहिल्या काही तासांत असतं.

मागच्या महिन्यातली टीएमटी (पट्ट्यावर चालवत काढलेला ईसीजी) नॉर्मल होती म्हणून निर्धास्त राहू नका. नस जेमतेम ४० टक्के अरुंद असली तरी तिच्यातला थर फुटू शकतो, आणि इतकं कमी ब्लॉकेज टीएमटीत बहुधा दिसत नाही.

गॅस की अटॅक

हा प्रश्न सगळ्यात जास्त घोळ घालतो. हृदयाच्या खालच्या बाजूला रक्त देणारी नस बंद झाली की दुखणं अनेकदा पोटाच्या वरच्या भागात, छातीच्या हाडाच्या खाली जाणवतं. मळमळ होते, उलटी होते, ढेकर येतात. ढेकर आल्यावर बरं वाटलं किंवा ॲसिडिटीचं औषध घेऊन जळजळ थोडी कमी झाली, तरी अटॅक नाही असं सिद्ध होत नाही, कारण अटॅकचं दुखणं स्वतःहूनही कमी-जास्त होत राहतं. तर्रीपोहे किंवा सावजी मटण खाल्ल्यानंतर छातीत जळजळ होते हे खरं. पण चाळिशीच्या पुढच्या माणसाला, किंवा वय कमी असूनही मधुमेह, बीपी, तंबाखू-खर्रा-सिगारेट यांपैकी काही असलेल्याला नेहमीपेक्षा वेगळी जळजळ होत असेल आणि सोबत घाम येत असेल, तर आधी ईसीजी, मग पोटाचा विचार. पंचविशी-तिशीतही अटॅक येतात, त्यामुळे "याचं वय आहे का अटॅकचं" असं म्हणून दुर्लक्ष करू नका.

दुखणं कसं सांगितलं जातं त्याकडे लक्ष द्या. "दुखत नाही, पण छाती भरून आल्यासारखी वाटते", "वरून कोणी दाबतंय", "जीव घाबरतोय" असं सांगताना माणूस बरेचदा छातीवर मूठ किंवा सगळा पंजा ठेवतो. एका बोटाने "इथेच दुखतं" म्हणून दाखवता येणारं, दाबल्यावर वाढणारं, श्वास घेताना टोचणारं किंवा दोन-चार सेकंद चमकून जाणारं दुखणं हृदयाचं असण्याची शक्यता कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे. अशा दुखण्यासोबत घाम किंवा धाप असेल तर हा फरक विसरून जा.

मधुमेह बरीच वर्षं असलेल्यांच्या बाबतीत जास्त सावध राहायला हवं. साखरेमुळे मज्जातंतू खराब झालेले असतात, म्हणून छातीत दुखतच नाही. अचानक धाप लागणं, विचित्र थकवा, घाम, चक्कर, विनाकारण उलट्या यांतूनच अटॅक कळतो. बायकांमध्ये छातीत दुखणं असतंच बहुतेकदा, पण पाठीत, मानेत, जबड्यात दुखणं, धाप आणि गळून गेल्यासारखं वाटणं जास्त वेळा दिसतं. त्यात घरातली बाई स्वतःच "काही नाही, आज काम जास्त झालं" म्हणून विषय संपवते. तिचा शब्द शेवटचा मानू नका. सत्तरीच्या पुढच्या माणसाला अचानक भ्रम झाला किंवा उभ्या उभ्या पडला, तरी ईसीजी काढायला हवा.

नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक गोंधळ होतो. नवतपात पारा ४५ च्या वर असताना कोणाला घाम येत नाही? पण कूलरसमोर बसलेल्या माणसाचं अंग थंडगार, ओलंचिंब आणि चेहरा पांढराफटक असेल, तर तो उन्हाचा घाम नाही. उष्माघातात अंग तापलेलं असतं आणि माणूस बरळू लागतो. दोन्हींत रुग्णालयातच जायचं असतं, त्यामुळे कांद्याचा रस लावत किंवा पन्हं पाजत घरी थांबू नका. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी वेगळी काळजी घ्यावी: थंडीत नसा आकसतात, बीपी वाढतं. चालताना छातीत दडपण येऊन थांबल्यावर जात असेल तर ती अंजायना आहे. पहिल्यांदाच असं झालं किंवा पूर्वीपेक्षा कमी चालण्यात होऊ लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बसल्या जागी दडपण आलं तर थेट १०८.

घरातल्या यंत्रांवर निर्णय सोडू नका. बीपी नॉर्मल, ऑक्सिमीटरवर ९८, तरी अटॅक असू शकतो. मनगटी घड्याळाचा ईसीजी एकाच दिशेने हृदयाची लय पाहतो, अटॅक शोधण्यासाठी तो बनलेला नाही. रुग्णालयात बारा लीडचा ईसीजी काढतात तो वेगळा.

पहिली दहा मिनिटं

रुग्णाला जिथे आहे तिथेच बसवा. पाठीला टेका, गुडघे थोडे वाकवलेले, कपडे सैल. आडवं झोपवल्याने धाप वाढू शकते. चक्कर येत असेल किंवा बीपी पडल्यासारखं वाटत असेल तरच आडवं करा. चालू देऊ नका, संडासलाही नाही. जिना उतरायचा असेल तर प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी मजबूत खुर्चीत बसवून दोघांनी उचलून उतरवा, एकाने पाठ आणि एकाने पुढचे पाय धरून.

एकाने १०८ ला फोन लावायचा. ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे आणि मोफत आहे. लागला नाही तर ११२. बोलताना आधी "छातीत दुखतंय, घाम येतोय, वय अमुक" एवढं सांगा, मग पत्ता. पत्त्यात फक्त नगराचं नाव नको, नागपुरात एकाच नावाची नगरं आणि लेआउट अनेक आहेत. जवळचा चौक, मंदिर, शाळा, पाण्याची टाकी सांगा. महाल, इतवारी, गांधीबाग इथल्या गल्ल्यांत ॲम्ब्युलन्स आत येत नाही, म्हणून रुग्णाला खुर्चीत बसवून मोठ्या रस्त्यापर्यंत आणायची तयारी ठेवा. दुसऱ्याने चौकात उभं राहायचं, रात्री मोबाइलचा टॉर्च लावून. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीभोवती, हिवाळी अधिवेशनात विधानभवनाच्या परिसरात, मारबतीच्या दिवशी जुन्या शहरात रस्ते बंद असतात. कोणता रस्ता बंद आहे ते फोनवरच सांगून टाका.

आता ॲस्पिरिन. रुग्ण शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या. घरी ७५ ची गोळी असेल तर चार, १५० ची असेल तर दोन. इकोस्प्रिनसारख्या गोळ्यांवर पोटात उशिरा विरघळणारा थर असतो, म्हणून न गिळता नीट चावायची. डिस्प्रिन पाण्यात विरघळवूनही चालते. ॲस्पिरिन गुठळी वाढू देत नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या १७ हजारांहून अधिक रुग्णांच्या आयसिस-२ या अभ्यासात एकट्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. इतक्या स्वस्त औषधाने एवढा फरक पडतो, म्हणून ती घरात असायलाच हवी.

पण ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल, तिने दमा उसळत असेल, अलीकडे रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाली असेल, किंवा तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं यांपैकी काही असेल तर ॲस्पिरिन देऊ नका. छातीतून पाठीत फाटत गेल्यासारखी अचानक, भयंकर कळ आली असेल तरीही नको. तिथे मोठी रक्तवाहिनी चिरलेली असू शकते. गोळी शोधायला मात्र कोणी मेडिकल स्टोअरभर फिरू नये. आधी फोन, मग गोळी.

सॉर्बिट्रेट ही पाच मिलिग्रॅमची जिभेखालची गोळी शेजारीपाजारी प्रेमाने आणून देतात. ती फक्त डॉक्टरांनी त्याच रुग्णाला आधी लिहून दिली असेल तरच, आणि बसवूनच. ती बीपी खाली आणते. उजव्या बाजूच्या हृदयाचा अटॅक असेल तर तेवढ्यानेच रुग्ण कोसळू शकतो. वरचं बीपी ९० च्या खाली असेल तर नाही. २४ तासांत सिल्डेनाफिल (व्हायग्रा) किंवा ४८ तासांत टाडालाफिल या लैंगिक ताकदीसाठीच्या गोळ्यांपैकी एखादी घेतली असेल तर अजिबात नाही. हा प्रश्न लाजून टाळू नका, चार लोकांसमोर नको तर कानात विचारा.

ओळखीच्या दवाखान्यात थांबून कमरेत डायक्लोफेनॅकचं आणि ॲसिडिटीचं इंजेक्शन घेऊन घरी परतणं फार घातक आहे. दुखणं दबतं आणि वेळ जातो. शिवाय पुढे गुठळी विरघळवण्याचं औषध द्यावं लागलं तर स्नायूत इंजेक्शन दिलेल्या जागी रक्त साकळतं. ज्या दवाखान्यात ईसीजी नाही, तिथे छातीत दुखणाऱ्याला नेऊच नका.

जोरजोरात खोकत राहिल्याने अटॅक थांबतो, लाल तिखटाचं पाणी पाजलं की नस उघडते, लसणाने गुठळी विरघळते, बोटाच्या टोकाला टाचणी टोचावी, हे सगळं व्हॉट्सॲपवर फिरतं. यातलं काहीही करू नका. चहा, दूध, जेवण नको.

गाडीने न्यायचं का

ॲम्ब्युलन्सला प्राधान्य यासाठी, की पहिल्या तासात हृदयाची लय बिघडून ते अचानक थांबण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, आणि विजेचा शॉक देणारं यंत्र ॲम्ब्युलन्समध्ये असतं, कारमध्ये नसतं. पण ॲम्ब्युलन्स अर्ध्या तासाने येणार असं कळलं आणि रुग्णालय दहा मिनिटांवर असलं, तर कारने निघा. रुग्णाने गाडी चालवायची नाही. पुढची सीट मागे झुकवून त्याला बसवा, मागे एकजण लक्ष ठेवायला हवा, म्हणजे चालवणाऱ्याला वळून बघावं लागत नाही. दुचाकीवर मध्ये बसवून नेणं टाळा, बेशुद्ध झाला तर तो दोघांच्या मधून घसरतो.

कुठे न्यायचं हे त्या रात्री ठरवायचं नसतं. आजच दोन रुग्णालयं ठरवून त्यांचे कॅज्युअल्टीचे (तातडीच्या विभागाचे) नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये टाका. त्यांना एकच प्रश्न विचारा: "रात्री दोन वाजता, रविवारी, अँजिओप्लास्टी करणारे डॉक्टर आणि कॅथलॅब मिळते का?" अँजिओप्लास्टी म्हणजे बंद नस नळी घालून उघडणं, आणि ते जिथे करतात ती खोली म्हणजे कॅथलॅब. शहरात सरकारी पर्याय म्हणजे मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), त्याचंच सुपर स्पेशालिटी रुग्णालय, मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) आणि मिहानमधलं एम्स. खासगी रुग्णालयं धंतोली-रामदासपेठेत दाटीवाटीने आहेत. संध्याकाळी सहा ते नऊ धंतोलीच्या गल्ल्यांत आणि सीताबर्डीच्या गर्दीत गाडी अडकते, तेव्हा मनीषनगर, मानेवाडा, हिंगणा रोड, कामठी रोडकडच्यांनी वाटेत अशी गर्दी नसलेलं रुग्णालय आधीच पाहून ठेवणं शहाणपणाचं.

माणूस कोसळला तर

अटॅक म्हणजे नस बंद, हृदय अजून चालू. कार्डिॲक अरेस्ट म्हणजे हृदय थांबलं. रुग्ण अचानक कोसळला, हाक मारून आणि खांदे हलवून प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा माशासारखा थांबून थांबून आचका देतोय, तर लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, सुरू करा. तो आचका श्वास नव्हे. सुरुवातीला काही सेकंद हातपाय झटकल्यासारखे होतात, म्हणून मिरगी समजून लोक कांदा किंवा चप्पल हुंगवतात. त्यात मोलाची मिनिटं जातात. मदत न मिळाल्यास जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

पलंगावर किंवा सोफ्यावर दाब लागत नाही, म्हणून जमिनीवर घ्या. बाजूला गुडघ्यांवर बसा. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळव्याची टाच, तिच्यावर दुसरा हात. कोपरं सरळ, खांदे हातांच्या बरोबर वर. छाती पाच ते सहा सेंटिमीटर दबली पाहिजे आणि प्रत्येक वेळी पूर्ण वर आली पाहिजे. लोक बहुधा इथेच चुकतात: भीतीने हलकं दाबतात, किंवा दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊच देत नाहीत, त्यामुळे हृदयात रक्त भरत नाही. वेग मिनिटाला १०० ते १२०. मोठ्याने मोजा, तीस दाब १५ ते १८ सेकंदांत व्हायला हवेत. तोंडाने श्वास देण्याचं प्रशिक्षण घेतलं असेल तर तीस दाबांनंतर दोन श्वास, नसेल तर फक्त दाबत राहा. बरगडी कडकडली तरी थांबू नका. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण थकलेल्या हाताने दाब उथळ होतो आणि ते स्वतःला कळत नाही. १०८ चालू ठेवून फोन स्पीकरवर जमिनीवर ठेवा. एईडी (विजेचा शॉक देणारं छोटं यंत्र) मिळालं तर लगेच लावा, ते काय करायचं ते बोलून सांगतं. माणूस हालचाल करेपर्यंत किंवा पथक येईपर्यंत दाब चालू. तोंडात पाणी ओतू नका.

रुग्णालयाच्या दारात

कॅज्युअल्टीत पोहोचताच पहिलं वाक्य: "छातीत दुखतंय, आठ चाळीसला सुरू झालं, ईसीजी काढा." दुखणं सुरू झाल्याची वेळ घड्याळात बघून लिहून ठेवलेली असावी. पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघून डॉक्टरांनी वाचलेला असायला हवा. पैसे भरण्याच्या किंवा फाइल बनवण्याच्या रांगेत रुग्ण उभा राहायला नको, ते काम दुसऱ्याने करायचं.

पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि दुखणं चालूच असेल, तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढायला सांगा. सुरुवातीला तो नॉर्मल असू शकतो. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) वाढायलाही वेळ लागतो, दुखणं सुरू झाल्यावर लगेच घेतलेला नमुना निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून काही तासांनी दुसरा नमुना घेतात. "पहिला रिपोर्ट चांगला आहे, घेऊन जाऊ का?" हा हट्ट धरू नका. उलट ईसीजीत नस पूर्ण बंद असल्याची खूण दिसली, तर ट्रोपोनिनची वाट बघायची नसते. ईसीजीचा स्पष्ट फोटो फोनमध्ये काढून ठेवा. पुढच्या रुग्णालयाला पाठवला की तिथली कॅथलॅब तुम्ही पोहोचण्याआधी तयार होते.

नस उघडण्याचे दोन मार्ग आहेत. एक अँजिओप्लास्टी: सहसा मनगटातून नळी घालून गुठळी मोकळी करतात आणि स्टेंट (नस उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवतात. कॅथलॅब असलेल्या रुग्णालयात पोहोचल्यापासून ९० मिनिटांच्या आत नस उघडावी हे उद्दिष्ट असतं. दुसरा, गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन: वजनानुसार टेनेक्टेप्लेज, किंवा ३० ते ६० मिनिटांत सोडायचं १५ लाख युनिट स्ट्रेप्टोकायनेज. पहिल्या दोन-तीन तासांत याचा फायदा सर्वांत चांगला, बारा तासांनंतर सहसा देत नाहीत. रामटेक, काटोल, उमरेड, सावनेरकडच्यांसाठी हा मार्ग फार महत्त्वाचा आहे. ही गावं शहरापासून साधारण ४० ते ६० किलोमीटरवर. रस्ता तासाभराचा दिसतो, पण गाडी मिळणं, पोहोचणं, कॅथलॅबची टीम जमणं यात सहज दोन तास जातात. म्हणून जवळच्या ज्या रुग्णालयात ईसीजी झाला, तिथल्या डॉक्टरांना थेट विचारा: "१२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होईल का? नसेल तर इंजेक्शन इथेच देऊन पाठवता का?" इंजेक्शनने नस उघडली तरी पुढे अँजिओग्राफी (नसांचं चित्र काढून ब्लॉकेज पाहणं) लागते, सहसा २ ते २४ तासांत, म्हणून नागपूरला यायचंच.

इंजेक्शनआधी डॉक्टर विचारतील: कधी मेंदूत रक्तस्राव, लकवा? अलीकडे ऑपरेशन, डोक्याला मार? रक्त पातळ करणारी गोळी? याची उत्तरं माहीत असणारा माणूस सोबत हवा. म्हणून एका कागदावर चालू गोळ्या, ॲलर्जी, जुने आजार आणि जुना ईसीजी एकत्र ठेवा. जुना ईसीजी शेजारी ठेवला की नवीन बदल लगेच दिसतो.

संमतीपत्रावर सही करायला "मोठा भाऊ पुण्याहून येऊ दे" म्हणून थांबू नका. हा निर्णय मिनिटांतच घ्यायचा असतो. भावाला फोनवर सांगा आणि सही करा. खर्चाची चिंता असेल तर रेशनकार्ड आणि आधार कार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला लगेच भेटा. अँजिओप्लास्टी त्या योजनेत येते.

घरी आल्यावर

स्टेंटनंतर ॲस्पिरिनसोबत गुठळी रोखणारी दुसरी गोळी (क्लोपिडोग्रेल, टिकॅग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल) साधारण वर्षभर चालते. बरं वाटतंय म्हणून, औषध संपलं म्हणून किंवा दात काढायचाय म्हणून ती स्वतःहून बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन दुसरा अटॅक येऊ शकतो, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत. दंतवैद्य थांबवायला सांगत असतील तर आधी हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा. गोळ्यांचा साठा दहा दिवसांच्या खाली गेला की नवीन आणा, दिवाळीच्या सुट्ट्यांत जास्तच लक्ष ठेवा. पुन्हा छातीत दडपण आलं आणि डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट लिहून दिली असेल, तर बसून एक गोळी जिभेखाली ठेवा. पाच मिनिटांत पूर्ण आराम पडला नाही की दुसऱ्या गोळीच्या आधी १०८.